ओळख आणि ओळखपत्र

मराठीतला ‘ओळख’ हा शब्द मोठा मिश्कील आहे. दोन माणसे भेटली की ओळख होते, बिनसले की तीच माणसे ओळख दाखवीत नाहीत. पाठ्यपुस्तकात ‘संतसाहित्याची ओळख’ करून दिलेली असते आणि वर्तमानपत्रात कुठल्याशा मृतदेहाची ओळख पटत नाही. या साऱ्या अर्थच्छटांच्या पलीकडे आणखी एक अर्थ व्यवहारात पक्का रुजलेला आहे. तो कोशकारांपेक्षा कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्यांना अधिक परिचयाचा असतो. ‘तिथे तुमची कोणाशी ओळख आहे का?’ या प्रश्नातली ओळख म्हणजे वशिला. घराण्यातले पहिलेच मूल विद्यापीठाच्या दारात जाऊन उभे राहते तेव्हा त्याच्याकडे नेमकी हीच ओळख नसते. विद्यापीठ त्याला ओळखपत्र देते. ज्याची ओळख असते त्याचे पत्रावाचून अडत नाही. ज्याची नसते त्याला आत जाण्यासाठी तळहातात मावणारा तो कागदच पुरवावा लागतो.

या कागदाविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. पदवीविषयी, पदवीदान समारंभाविषयी, सुवर्णपदकाविषयी लिहिले जाते. वास्तविक पदवीचे प्रमाणपत्र बहुतेकांच्या घरी फायलीत निजलेले असते आणि नोकरीच्या मुलाखतीपुरते जागे होते. ओळखपत्र मात्र विद्यार्थ्याच्या अंगाखांद्यावर वावरते. ग्रंथालय, वसतिगृह, एस. टी.चा सवलतीचा पास, परीक्षेचा वर्ग अशा साऱ्या ठिकाणी ते दाखवावे लागते. साहित्याच्या माणसाला सवय असते कोणत्याही लिखित गोष्टीकडे संहिता म्हणून पाहण्याची. तसे या कार्डाकडे पाहिले, तर त्यावर काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, हे मला अधिक अर्थपूर्ण वाटत आले आहे.

हे ‘नसणे’ ध्यानात यायचे तर कार्ड मिळण्यापूर्वी जमवाव्या लागणाऱ्या कागदांकडे पाहिले पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यातला पहिला चरित्रग्रंथ म्हणायला हरकत नाही. नाव, वडिलांचे नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती ‘चांगली’, वर्तणूक ‘चांगली’, आणि शाळा सोडण्याचे कारण बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’. सोळा वर्षांच्या मुलाचे सारे आयुष्य दहा-पंधरा रकान्यांत बसते आणि त्यातले निम्मे रकाने त्याच्या जन्माआधीच भरले गेलेले असतात. पुढे त्याला उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि पडताळणीचे प्रमाणपत्र येऊन मिळतात. जात पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांतल्या विद्यार्थ्याला १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्याला १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. म्हणजे आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर धुंडाळणे आले. ज्यांचे आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, ज्यांचे गाव म्हणजे मागच्या मुक्कामाचे माळरान, त्यांनी काय करावे? हक्क मिळवण्यासाठी हे कागद आवश्यक आहेत आणि त्या हक्कांमागे मोठा लढा आहे, याविषयी दुमत नाही. पण या सर्व कागदांचा कल एकाच दिशेने असतो. तू कोठून आलास, एवढेच ते पुनःपुन्हा विचारतात.

ओळखपत्र हा या गठ्ठ्यातला पहिला असा कागद, की जो हे विचारत नाही. नाव, छायाचित्र, वर्ग, विषय, क्रमांक, वर्ष आणि सही. त्यावर धर्म नाही, जात नाही, उत्पन्न नाही. तू काय शिकतो आहेस, एवढेच त्याला ठाऊक असते. आधीचे सगळे कागद भूतकाळी क्रियापदांत लिहिलेले, हा एकटा वर्तमानकाळी.

मला असे कार्ड २००१ साली पुणे विद्यापीठात मिळाले. त्याआधी अहमदनगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी घेऊन बी. ए. झाले होते. वडील एस. टी.त कंडक्टर होते. ज्या गावाची बाहेरच्या जगाशी गाठ एस. टी.नेच पडते, तिथे कंडक्टरच्या मुलीला सगळे ओळखतात. बाजारात, देवळात, पोस्टात मी ‘कंडक्टरची मोठी’ होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही तीच ओळख माझ्या आधी पोचलेली असे. मी कोणती कादंबरी घरी नेली हे कधीकधी माझ्या आधी वडिलांना कळे, आणि मुखपृष्ठ जरा धीट असले की रात्री जेवताना आई विचारी, “हे अभ्यासाला आहे का?” यात कोणाचा दुष्टावा नव्हता. माया होती, काळजी होती. पण मायेचा पहारा हा पहाराच असतो.

एम. ए.ला पुण्यात पाठवण्याविषयी घरात बरीच चर्चा झाली. बी. एड. केले तर नोकरी लागेल, असे मामांचे मत. स्थळे येऊ लागली आहेत, हे आजीचे. शेवटी वडील म्हणाले, “एक वर्ष बघू.” त्या वाक्यात परवानगी होती आणि मुदतही.

गणेशखिंडीतल्या त्या आवारात पहिल्यांदा शिरताना जे दडपण येते, ते अनेकांनी अनुभवले असेल. मुख्य इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होती. ती उभारणाऱ्यांनी माझ्यासारख्यांच्या स्वागताचा विचार केला नसणार, हे तिच्या मनोऱ्याकडे पाहिले तरी कळते. वडील रजा टाकून बरोबर आले होते. बँकेत चलन भरणे, पावतीची छायाप्रत, पासपोर्ट आकाराची दोन छायाचित्रे, अर्जावर विभागाची सही आणि पुन्हा रांग. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी माझे नाव कार्डावर हाताने लिहिले. अक्षर वळणदार होते. छायाचित्र चिकटवून त्यांनी शिक्का असा मारला की त्याचा अर्धा भाग माझ्या खांद्यावर आणि अर्धा कागदावर उमटला. वडिलांना तो शिक्का फार आवडला. तिकिटाला भोक पाडण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना कागद पक्का कशाने होतो हे बरोबर कळत होते. बाहेरच्या दुकानात त्यांनी स्वतः पैसे देऊन कार्ड लॅमिनेट करून घेतले आणि मग त्यांची नजर वैधतेच्या ओळीवर गेली. शैक्षणिक वर्ष २००१-०२. ते काही बोलले नाहीत, पण ‘एक वर्ष बघू’ हे त्यांचे वाक्य विद्यापीठाने शिक्क्यानिशी लिहून दिल्यासारखे आम्हां दोघांनाही वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जयकर ग्रंथालयात गेले. दारावरच्या कर्मचाऱ्याने कार्ड पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. एवढेच. कोणाची मुलगी, कुठल्या गावची, कोणत्या घरातली, असे काही त्याने विचारले नाही. संध्याकाळपर्यंत मी तिथे बसले. काय वाचते आहे हे मला कोणी विचारले नाही आणि घरी कोणी कळवणारही नव्हते. त्या दिवसाचे महत्त्व मला पुष्कळ वर्षांनी उमगले. कार्डाने मला ओळख दिली असे आपण सहज म्हणतो. मला त्याने खरे तर ओळखीतून सुटका दिली होती. ज्या एका तपशिलापुरते मला ओळखणे आवश्यक होते तेवढ्यापुरते ओळखून, बाकीचे सारे त्याने माझ्यावर सोपवले होते.

मराठी साहित्याचा विद्यार्थी या गोष्टीला नवखा नाही. नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) निवेदक अगदी आरंभी आपले नाव आणि वय सांगतो, अर्जाचे पहिले दोन रकाने भरावेत तसे, आणि पुढची सगळी कादंबरी त्या दोन रकान्यांत न मावणाऱ्या गोष्टींची आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) तर हा पेच रचनेतच आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एक नाव जन्माने मिळालेले, दुसरे लिहिता-वाचता घडलेले. आणि दुसऱ्याला पहिल्याचे ओझे ना टाकता येते ना मिरवता. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेच्या कागदावर बाप म्हणून कोणाचे नाव लिहायचे, या प्रश्नाभोवती सारी वेदना एकवटते. दाखल्यावरचा जो रकाना इतरांनी कधी वाचलाही नसेल, त्याने इथे एक अख्खे आत्मकथन लिहायला लावले.

कागदावर नोंद होणे हे नेहमीच सन्मानाचे नसते, हेही याच आत्मकथनांनी आपल्याला शिकवले. ब्रिटिशांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींतल्या माणसांची केवळ जन्माच्या आधारे नोंद केली; त्यांच्यावर हजेरीचे बंधन घातले, बाहेर जायचे तर पास घ्यायला लावला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली त्या जमाती विमुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचताना कळते की कायदा गेला तरी पोलिसांची ‘ओळख’ गेली नव्हती. हजेरी, नोंद, पास हे आमच्या महाविद्यालयांतले रोजचे निरुपद्रवी शब्द. त्यांच्या पोटात हा इतिहास आहे, याचे भान निदान मराठीच्या वर्गात तरी असायला हवे.

आणि नारायण सुर्वे? गिरणगावात सापडलेले एक तान्हे मूल, ज्याला एका गिरणी कामगाराने आपले आडनाव दिले. कोणत्याही विद्यापीठाने ज्याला विद्यार्थी म्हणून कार्ड दिले नाही त्या कवीने १९६६ साली आपल्या संग्रहाचे नाव ठेवले ‘माझे विद्यापीठ’. आज तो संग्रह विद्यापीठांच्या मराठी विभागांत अभ्यासला जातो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. तेथे शिकणाऱ्या मुलाच्या कार्डावर आता सर्वांत वर एका निरक्षर कवयित्रीचे नाव असते. भाषेच्या बाबतीतही वेगळे घडलेले नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण त्याच्या अभ्यासक्रमात मराठीला तिची जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना झगडावे लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने जिला अभिजात भाषेचा दर्जा दिला त्या मराठीलाही एके काळी विद्यापीठाच्या खिडकीपाशी ताटकळावे लागले होते.

कार्डाच्या माथ्यावरचे नाव ही किती जीवघेणी गोष्ट असू शकते, हे मराठवाड्याने पाहिले. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली, माणसे मेली. नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत त्या विद्यापीठात शिकलेल्या पिढ्यांच्या खिशातल्या कार्डावर एक नाव होते आणि मनात दुसरे. कार्डावरचा मजकूर किरकोळ असतो असे मानणाऱ्यांनी ही साडेपंधरा वर्षे आठवावीत.

माझे २००१चे कार्ड अजून माझ्याजवळ आहे. लॅमिनेशनच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. पुणे विद्यापीठ २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. अहमदनगर जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला. माझे स्वतःचे नाव लग्नानंतर बदलले. ते बदलावे की नाही यावर आम्ही दोघांनी पुष्कळ बोलून मग ठरवले. म्हणजे संस्थेचे नाव, पत्त्यातला जिल्हा, धारकाचे नाव, यांतले एकही त्या कार्डावर आहे तसे आज उरलेले नाही. छायाचित्रातला चेहराही नाही. बदललेली नाही ती एकच ओळ, ‘एम. ए. भाग १, मराठी’. दुसऱ्या वर्षीचे कार्ड मिळवण्यासाठी घरात पुन्हा एक लढाई झाली, आणि त्या वेळी आजी माझ्या बाजूने उभी राहिली, हे इथे केवळ नोंदवून ठेवते.

आता मी स्वतः शिकवते आणि नव्या मुलांना कार्डे मिळताना पाहते. कार्ड आता प्लॅस्टिकचे असते, गळ्यातल्या निळ्या पट्टीला अडकवलेले, मागे क्यूआर कोड. तो स्कॅन केला की काय काय दिसते, हे मुलांना क्वचितच ठाऊक असते. २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांकांची बँक आली आणि पाठोपाठ ‘अपार’ नावाचा बारा अंकी क्रमांक आला. शाळेपासून पदवीपर्यंतची सारी वाटचाल एका क्रमांकाखाली साठत जाणार, अशी ही कल्पना आहे. तिचे फायदे आहेत. एका विद्यापीठातून दुसरीकडे जाताना आम्ही मायग्रेशनसाठी जे हेलपाटे घातले ते या मुलांना घालावे लागू नयेत, असे कोणाला वाटणार नाही? पण त्याच वेळी अनेक ठिकाणी असेही होते की मूल तासाला बसले नाही तर पालकांच्या मोबाईलवर संदेश जातो. मला माझ्या तालुक्याच्या ग्रंथालयाची आठवण येते. तिथला मायेचा पहारा आता यंत्रात बसवला आहे आणि यंत्राला माया नसते. आमच्या कार्डाला फार थोडे ठाऊक होते, आणि त्या अज्ञानातच त्याचे औदार्य होते. या नव्या कार्डाला सारे काही ठाऊक आहे.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख केवळ जुन्या दिवसांचा उमाळा ठरेल. आमच्याकडे येणारी पुष्कळ मुले कॉलेज सुटल्यावरही गळ्यातले कार्ड काढत नाहीत. एस. टी.त, बाजारात, गावच्या पारावर ते तसेच रुळत असते. शहरी सहकाऱ्यांना याचे हसू येते. मला येत नाही. ज्या घरावर कागद आला तो बहुधा सावकाराचा, कोर्टाचा किंवा वीजमंडळाचा, त्या घरात पहिल्यांदाच एक कागद असा आला आहे की जो मागणी करीत नाही, मान्यता देतो. मला ओळखीतून सुटका हवी होती. त्यांना ओळख हवी आहे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. आणि आडनावच जिथे जात सांगून टाकते तिथे कार्डाच्या मौनाचा उपयोग सर्वांना सारखा होत नाही, हेही खरे. त्या दारावर माझ्याकडे पाहून कर्मचाऱ्याने नुसती मान हलवली. माझ्या जागी दुसरे कोणी, दुसऱ्या आडनावाचे असते, तर त्याची नजर कार्डावर किती वेळ थांबली असती, हे मी सांगू शकत नाही.

मागच्या वर्षी प्रथम वर्षाच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, कार्डावर आडनाव नको असेल तर चालतं का? माझं नाव आणि आईचं नाव, एवढंच हवंय.” आडनाव टाकून देणारी माणसे महाराष्ट्राला नवी नाहीत, आणि शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा तिची अर्धी मागणी तर शासनमान्यच होती. पण संगणकावरच्या अर्जात आडनावाच्या रकान्यापुढे लाल तारा होता. तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. कार्यालयातल्या मंडळींनी खटपट करून पाहिली, विद्यापीठाला विचारून पाहिले. शेवटी कार्ड दाखल्याबरहुकूम, आडनावासह निघाले. तिने ते घेतले, वाचले आणि म्हणाली, “राहू द्या. निदान विषय तरी मी निवडलेला लिहिलाय.”

तिचे हे वाक्य मी नंतर विभागाच्या बैठकीत सांगितले. त्यातून एक छोटी गोष्ट झाली. आमच्या विभागाच्या हजेरीपटात आता ‘हाक मारण्याचे नाव’ असा एक रकाना आम्ही हाताने आखतो. कार्यालयाचा त्याला आक्षेप नाही. त्यांचा पट वेगळा असतो. कोणी आडनाव गाळते, कोणी आईचे नाव घालते, बरीचशी मुले तो रकाना कोराच ठेवतात, आणि कोरा ठेवण्याचाही त्यांना अधिकार आहे. ओळखपत्र देणे हे कार्यालयाचे काम आहे. ते त्यांनी चोख करावे आणि त्यावर जितके कमी लिहिता येईल तितके कमी लिहावे. ओळख करून घेणे हे आम्हां शिक्षकांचे काम. त्याला तीन वर्षे लागतात, आणि तेवढा धीर आम्ही धरला पाहिजे.